दोन वह्या

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला, तेव्हा मला काहींनी सुचवले, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर लिही." ते वीस वर्षे पोटापाण्यासाठी करतेच आहे. इथे मी आपल्या शाळेतल्या दोन वह्यांबद्दल लिहिणार आहे : चित्रकलेची वही आणि विज्ञानाची प्रयोगवही.

एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी आठवते का? सर आवारातली जास्वंदीची फांदी आणून बाटलीत ठेवायचे आणि निसर्गचित्र काढायला सांगायचे. मी प्रत्येक पान समोरून, सरळ, एकसारखे काढायचे. सर म्हणायचे, "अगं, समोर आहे ते काढ. मनातलं काढू नकोस." प्रयोगवहीत एका बाजूला रेघा आणि दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरे पान असे. त्यावर मी बेडकाची सुबक आकृती काढली आणि बाईंकडून शाबासकीही मिळवली. आज कबूल करते, बाई, ती मी गाईडमधून उतरवली होती. म्हणजे एका वहीत पाहणे होते, पण तारीख नव्हती. दुसरीत तारीख होती, पण पाहणे नव्हते.

या दोन वह्या वेगळ्या राहिल्याने काय गमावले, ते मला अण्णांमुळे कळले. माझे वडील आष्टी तालुक्यातले. लहानपणी गुरे चारताना माळावर करडाएवढा उंच पक्षी पाहिल्याचे ते सांगत. केव्हा, असे विचारले की म्हणत, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी." मी त्यांना पुस्तकातली चित्रे दाखवली. एकदा त्यांनी माळढोकावर बोट ठेवले, पुढच्या खेपेला तणमोरावर. माळढोकाचा नर जवळजवळ मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. तणमोर कोंबडीएवढा. दोघांत गफलत होण्यासारखे काही नाही, पण मध्ये पन्नास वर्षे गेली होती. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण आज देशात हे पक्षी दोनशेहूनही कमी उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. अण्णांनी काय पाहिले, याचा निवाडा आता होणार नाही.

त्यानंतर मी या नोंदींचा इतिहास वाचू लागले. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही नवलाचे प्राणी आणले. त्यात टर्की हा पक्षी होता. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली नाहीत. म्हणून त्याने वर्णनही लिहिले आणि चित्रेही काढवली. उस्ताद मन्सूरच्या नावावरचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शब्द आणि चित्र शेजारी हवेत, हे चारशे वर्षांपूर्वी कळले होते.

आपल्या मुलखाजवळचे दोन दाखले आणखी सापडले. कर्नल साईक्स पुणे-नगर भागात सरकारी आकडेवारी गोळा करत हिंडले आणि १८३२ साली त्यांची दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. माळरानावरच्या एका छोट्या तुरेवाल्या चंडोलाला इंग्रजीत आजही त्यांचे नाव आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत टॉमस जेर्डन नावाचा तरुण लष्करी डॉक्टर घोडदळाबरोबर आपल्या शेजारच्या जालन्याला आला. पलटणीची दुखणी बघता बघता त्याने पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. पुढे १८४७ साली पूर्ण झालेल्या त्याच्या सचित्र ग्रंथात पन्नास चित्रे होती, आणि ती इथल्या, देशी चित्रकारांनी काढलेली होती. पुस्तकावर नाव मात्र जेर्डनचे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला साईक्सचे नगर, उत्तरेला जेर्डनचे जालना, मध्ये आपला बीड जिल्हा. शंभर वर्षांनी, १९३१-३२ मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बीड त्याच संस्थानात होते. त्या नोंदींवर आजही अभ्यासक विसंबतात. पुढे आपल्या भाषेतही हे काम झाले. व्यंकटेश माडगूळकर लिहीत आणि स्वतः रेखाटनेही करीत. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावे टिपत राहिले. यांच्यापैकी साईक्स शिपाईगडी, जेर्डन डॉक्टर, चितमपल्ली वनाधिकारी. नोकरी सांभाळूनच त्यांनी वही ठेवली. अण्णांसारख्या गुराख्यांनी पाहिलेले त्यांच्याहून कमी नव्हते. त्यांच्या हाती वही नव्हती, एवढाच फरक.

माझ्या हाती ती २०२० च्या टाळेबंदीत आली. पहिली चित्रे इतकी वाईट, की माझ्या मुलीने साळुंकीला बटाटा म्हटले. मग सरांचे वाक्य आठवले. आधी नुसते पाहायचे. मग शरीराचा एक लंबगोल, डोक्याचा एक गोल, चोचीची आणि शेपटीची दिशा. पिसे-बिसे नंतर. पक्षी उडाला तर चित्र अर्धे सोडायचे, मनाने पुरे करायचे नाही. शेजारी तारीख, वेळ, जागा, हवा आणि तो काय करत होता, ते लिहायचे. बीडच्या घरी अंगणात हुदहुद येतो. मी त्याचा तुरा नेहमी उघडलेला काढायचे, कारण पुस्तकात तसाच असतो. चार दिवस बसून पाहिल्यावर कळले, की तुरा बहुतेक वेळ मिटलेलाच असतो आणि जमिनीवर उतरताना क्षणभर उलगडतो. चाळीस वर्षे तो पक्षी माझ्या ओळखीचा होता आणि एवढे मला माहीत नव्हते.

तारखेची किंमत पाटोदा तालुक्यातल्या नायगावने शिकवली. तिथले मयूर अभयारण्य १९९४ चे, म्हणजे आपण शाळेत असतानाचे. मी पहिल्यांदा जुलैत गेले, तेव्हा वहीत पिसाऱ्यासकट मोर आला. ऑक्टोबरात गेले तर मोरांचे लांब पिसारे गळलेले. विणीचा हंगाम सरला की मोर पिसारा टाकतो, हे पाठ्यपुस्तकात वाचले असेल, नसेल. पण दोन तारखांची दोन पाने शेजारी ठेवली तेव्हा ते मला खरोखर कळले. शाळेत आपण सगळ्यांनी काढलेले मोर बारा महिने पिसारा फुलवून उभे असायचे!

म्हणून मेळाव्याच्या निमित्ताने एक सुचवते. शाळेला भेट द्यायच्या वस्तूंच्या यादीत पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे. त्यात एक जाड, कोऱ्या पानांची वही घालू या. ती ग्रंथालयात राहील. दर आठवड्याला एका मुलाने किंवा मुलीने आवारातले एक झाड, एक पाखरू किंवा एक किडा पाहून काढायचा आणि तारीख घालून चार ओळी लिहायच्या. चित्र वाकडे आले तरी चालेल, गाईडमधले चालणार नाही. पहिले पान मेळाव्याच्या दिवशी आपणच भरू. जास्वंद अजून असेल तर जास्वंदीचे, नसेल तर ती आता नाही, याची नोंद करू. तीही उद्या कुणाच्या तरी कामाची असेल.

पेन्सिली मी आणते. सर, फांदी तुमच्या हातची हवी.