मान वळवणारं मैदान

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आयोवा सिटी नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या किनिक स्टेडियममध्ये सामन्याचा पहिला क्वार्टर संपला की सुमारे ६९ हजार माणसं मैदानाकडे पाहणं सोडून एकाच बाजूला माना वळवतात. त्या बाजूला, स्टेडियमच्या अगदी शेजारी, विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे. त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या मोठ्या काचांमधून सगळं मैदान खाली पसरलेलं दिसतं. कुणी सलाइनचा स्टँड सोबत घेऊन, कुणी चाकांच्या खुर्चीत, कुणी आईच्या कडेवर, अशी मुलं काचेशी येतात. खालून हात हलतात, वरून हात हलतात. घामेजलेले खेळाडू हेल्मेट हातात धरून उभे राहतात. पाहुणा संघ वळतो, पंचही वळतात. रात्रीचा सामना असला तर हजारो मोबाइलचे दिवे वर उचललेले दिसतात. मग शिट्टी वाजते आणि खेळ पुढे सुरू होतो. २ सप्टेंबर २०१७ रोजी वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात हे पहिल्यांदा घडलं. रुग्णालयाची ही इमारत त्याच वर्षी वापरात आली होती, आणि कल्पना सुचली होती राज्यातल्या एका लहान गावातल्या चाहतीला. विद्यापीठाच्या कुठल्याही कचेरीत ती जन्मली नव्हती.

या प्रथेचं वर्णन बहुतेक वेळा ‘हृदयस्पर्शी क्षण’ असं केलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. क्षण म्हटलं की तो आपोआप उमलतो असं वाटतं. माणसं मुळातच चांगली असतात, संधी मिळाली की चांगुलपणा वर येतो, असा एक सोयीचा समज त्यात असतो. आयोवाच्या मैदानांचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. जखमी माणसाकडे नीट पाहायला या मैदानांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. इथली कणव शिकावी लागली, आणि ती शिकवणाऱ्यांनी फार मोठी किंमत मोजली.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यानं अंगावर झेपावून पळणाऱ्याला जमिनीवर आडवं करायचं, हा त्याचा गाभा. विद्यापीठांमध्ये तो वाढला तेव्हापासूनच तो जीवघेणा होता. १९०५ साली हा खेळ इतका हिंसक झाला होता की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलले. आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यात या खेळाचं स्थान आणखी वेगळं आहे. तिथे व्यावसायिक लीगचा मोठा संघ नाही. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा, जिल्ह्याचा, राज्याचा संघ. त्यामुळे त्या मैदानावर जे घडतं ते राज्य स्वतःबद्दल काय समजतं याचीच नोंद ठरतं.

ती नोंद जॅक ट्राइसपासून वाचायला हवी. आयोवा सिटीपासून दोनएकशे किलोमीटरवरच्या एम्स गावातलं आयोवा स्टेट कॉलेज. त्याचा हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मूळचा ओहायोचा. शाळेतले प्रशिक्षक एम्सला आले, त्यांच्यामागून तोही आला आणि पशुसंवर्धन शिकू लागला. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनियापोलिसमध्ये मिनेसोटाविरुद्ध सामना होता. आदल्या रात्री त्यानं हॉटेलच्या कागदावर स्वतःसाठीच एक पत्र लिहिलं. आपल्या वंशाची, घराची आणि स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे, सगळ्यांच्या आपल्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत, असा त्याचा आशय आहे. २१ वर्षांचा पोरगा उद्याच्या खेळाआधी एवढं ओझं कागदावर उतरवतो, यातच त्या काळाची हकिकत आली. सामना सुरू होताच त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो पाठीवर पडला आणि मिनेसोटाचे खेळाडू त्याला तुडवत गेले. ते मुद्दाम होतं की खेळाच्या ओघात, याचा निकाल कधीच लागला नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्याला प्रवासाची परवानगी दिली. गवताच्या गादीवर झोपवून रेल्वेनं त्याला एम्सला आणलं, आणि ८ ऑक्टोबरला तो गेला. अंत्यविधीला कॉलेजच्या आवारात हजारो लोक जमले. त्याच्या कोटाच्या खिशात ते पत्र सापडलं.

इथे कणव नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. विद्यार्थी रडले, त्याच्या घरच्यांसाठी वर्गणी काढली, व्यायामशाळेत त्याच्या नावाची पाटी लावली. १९२४नंतर आयोवा स्टेटनं मिनेसोटाशी खेळण्याचा करारही पुढे चालवला नाही. दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले ते थेट १९८९ साली. पण पाटीवर धूळ बसली, पिढी बदलली आणि नाव विस्मरणात गेलं. विद्यार्थ्यांनी ते पुन्हा उचललं १९७०च्या दशकात. नव्या स्टेडियमला ट्राइसचं नाव द्या, अशी त्यांची मागणी होती. १९८४मध्ये तडजोड झाली : स्टेडियमचं नाव वेगळं, आतल्या हिरवळीला नाव ट्राइसचं. विद्यार्थी तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि १९९७मध्ये अखेर संपूर्ण स्टेडियम जॅक ट्राइसचं झालं. मृत्यूपासून ७४ वर्षांनी. हळहळ दोन दिवसांत झाली होती. तिला कायमची जागा मिळायला तीन पिढ्या खपल्या. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मधल्या काळात आयोवाच्या मैदानांनी बरंच काही पाहिलं, आणि बरंच काही पाहायचं टाळलं. १९३४ साली आयोवा सिटीत मिनेसोटाच्याच संघानं आयोवाच्या ओझी सिमन्स या कृष्णवर्णीय धावपटूला इतका मार दिला की त्याला सामना अर्ध्यात सोडावा लागला. पुढच्या वर्षी वातावरण तापलं. पंचांनी धसमुसळेपणा चालू दिला तरी प्रेक्षक तो खपवून घेणार नाहीत, असा इशारा आयोवाचे राज्यपाल क्लाइड हेरिंग यांनी दिला. मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून डुकराची पैज लावली आणि राग हशावर नेला. मिनेसोटा १३-६ असा जिंकला. हेरिंग यांनी ठरल्याप्रमाणे जिवंत डुक्कर ओल्सन यांच्या कार्यालयात नेऊन पोचवलं. त्याचाच पुढे काशाचा पुतळा झाला, आणि ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ नावाची ती ट्रॉफी आजही या दोन संघांत फिरते. दंगल टळली, हे चांगलंच झालं. पण ज्याला मार बसला त्याचं नाव गोष्टीतून गळालं आणि डुकराचं राहिलं. समेट आणि कणव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट करणारं उदाहरण मला माहीत नाही. समेटाला दोन्ही बाजूंचे पुढारी पुरतात. कणवेला, ज्याला लागलं त्याच्याकडे बघावं लागतं.

ते बघणं खऱ्या अर्थानं घडलं १९५१ साली, आणि ते कॅमेऱ्यानं घडवलं. आयोवाची राजधानी डे मॉइन. तिथल्या ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक, तोही कृष्णवर्णीय. २० ऑक्टोबरला ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर इथे तिथल्या विद्यापीठाशी सामना होता, आणि ब्राइटला लक्ष्य केलं जाणार अशी कुजबुज आधीपासून होती. म्हणून ‘डे मॉइन रजिस्टर’च्या दोन छायाचित्रकारांनी, डॉन अल्टँग आणि जॉन रॉबिन्सन यांनी, कॅमेरा त्याच्यावरच रोखला. पहिल्या सात मिनिटांत ब्राइट तीनदा बेशुद्ध पडला. चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असताना, खेळाशी काही संबंध नसताना, प्रतिस्पर्ध्यानं त्याच्या जबड्यावर घाव घातला. ती छायाचित्रांची मालिका छापून आली आणि ‘खेळात असं व्हायचंच’ हे म्हणणं कुणालाच टिकवता येईना. १९५२चं पुलित्झर त्या छायाचित्रांना मिळालं. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ड्रेकनं केली. ज्या मिझुरी व्हॅली गटात ड्रेक खेळत होतं, त्या गटानं दोषी खेळाडूवर कारवाई केली नाही, तेव्हा ड्रेक गटातून बाहेर पडलं. ब्रॅडली विद्यापीठही त्याच्यासोबत बाहेर पडलं. ठरलेले सामने, प्रतिष्ठा, पैसा या सगळ्यावर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता, एका मोडलेल्या जबड्यासाठी. स्टिलवॉटरच्या त्या विद्यापीठानं माफी मागितली २००५ साली. तोवर ब्राइटला जाऊन जवळजवळ २२ वर्षं झाली होती.

आता या पार्श्वभूमीवर हात हलवण्याकडे पाहिलं की पहिला आक्षेप समोर येतोच : हात हलवायला काय लागतं? ड्रेकनं किंमत मोजली, इथे तर फुकटची माया. हे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. ड्रेकचं कृत्य मोठं आहे आणि दोन्हीला एका तराजूत घालू नये. पण स्वस्त आणि उथळ यांतही फरक असतो. त्या काचेमागच्या मुलाचे दिवस सुया, तपासण्या आणि वाट पाहण्यात जातात. बाहेरचं जग आपल्याशिवाय चाललंय, हे त्याला रोज दिसतं. औषध देणं प्रेक्षकाच्या हातात नसतं. ‘तू आम्हाला दिसतोस’ एवढंच तो सांगू शकतो, आणि ते तो चुकवत नाही. एकदा हात हलवणं सोपं आहे. घरच्या प्रत्येक सामन्यात, हरत असतानाही, हात हलवणं ही शिस्त आहे. ट्राइसच्या बाबतीत जे १९२३मध्ये हुकलं, म्हणजे भावनेला वेळापत्रकात जागा देणं, ते इथे पहिल्या वर्षापासून साधलं.

दुसरा आक्षेप जाहिरातीचा. विद्यापीठांचा फुटबॉल हा प्रचंड पैशांचा धंदा आहे, वाहिन्यांना असे प्रसंग हवेच असतात, आणि आजारी मुलाला मैदानात आणून डोळे पाणावणारी चित्रफीत बनवणं ही तिथे नेहमीची गोष्ट झाली आहे. हा आक्षेप रास्त आहे. आयोवातही २००९पासून प्रत्येक सामन्याला एका बालरुग्णाला मानाचा कप्तान करतात, आणि त्याचं नाव-गाव जाहीर होतं. हात हलवण्याची रचना मात्र वेगळी आहे, आणि तीच मला तिची खरी ताकद वाटते. इथे मूल मैदानात आणलं जात नाही. ते वर असतं, गर्दी खाली. पाहायचं की नाही, काचेशी यायचं की अंथरुणात पडून राहायचं, हे ते ठरवतं. खालच्या माणसाला वर लहानशा आकृत्या दिसतात. चेहरा नाही, नाव नाही, आजार नाही. कुणा एकाला नायक करता येत नाही, म्हणून कुणाची परवड होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो बाहेरून आलेला नाही. जून २०२०मध्ये आयोवाच्याच संघातून खेळून गेलेल्या अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी उघडपणे सांगितलं की संघात त्यांना अपमानास्पद वागणूक मिळत होती; केस, कपडे, बोलणं, सगळ्यावरून टोमणे. व्यायामाचे मुख्य प्रशिक्षक पद सोडून गेले. माजी खेळाडूंनी खटला भरला, आणि २०२३मध्ये ४१ लाख ७५ हजार डॉलर देऊन विद्यापीठानं तडजोड केली. म्हणजे ज्या वर्षांत हे मैदान वरच्या मुलांना हात दाखवत होतं, त्याच वर्षांत त्याच मैदानावर राबणारी पोरं आतून कुढत होती. यावरून ती प्रथा ढोंग होती, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही, पण अभिमानानं मिरवण्यासारखं काही उरत नाही, हे खरं. परक्याच्या आजारी लेकराची कणव येणं सोपं. त्यानं आपलं काही बिघडवलेलं नसतं, आपणही त्याचं नाही. आपल्यासाठी धावणाऱ्या, आपल्यामुळे मोडणाऱ्या माणसाकडे पाहणं कठीण, कारण तिथे आपला हात आपल्यालाच दिसतो. ट्राइस, सिमन्स आणि ब्राइट यांच्याकडे पाहायला उशीर लागला तो यामुळेच. आयोवानं मान वळवायला शिकून घेतलं आहे. ती खाली, स्वतःच्या मैदानाकडे वळवणं अजून पुरतं जमलेलं नाही.

ट्राइसच्या मृत्यूला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शंभर वर्षं झाली. त्याची राहून गेलेली पदवी आयोवा स्टेटनं त्याच वर्षी मरणोत्तर दिली. त्याच महिन्यात, २१ तारखेला, मिनेसोटाचा संघ आयोवा सिटीत खेळायला आला. पहिला क्वार्टर संपल्यावर स्टेडियम नेहमीप्रमाणे रुग्णालयाकडे वळलं. सामना मिनेसोटानं १२-१० असा जिंकला आणि काशाचं डुक्कर आपल्या राज्यात नेलं.