भुवई आणि माणसाची ओळख

स्त्रीच्या रूपाचे वर्णन करताना डोळे, नाक आणि केस यांना पहिला मान मिळतो. भुवयांची आठवण आपल्याला बहुधा लग्नकार्य जवळ आले म्हणजे होते. परंतु चेहऱ्यात त्यांचे काम मोठे आहे. कपाळावरचा घाम त्या डोळ्यांत उतरू देत नाहीत. राग, काळजी, नवल त्यांच्यावरून कळते. आणि कुंकवाची जागाही दोन भुवयांच्या मधोमधच ठरलेली आहे. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून ती लोकांना दाखविली. भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक कठीण गेले.

भुवई गेली म्हणजे माणसावर काय प्रसंग येतो, हे आपल्या देशातील कुष्ठरोगाच्या इतिहासात पाहावे. या रोगाच्या एका प्रकारात भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून गळू लागतात. १८७३ साली नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले. तरीही हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग आहे, ही समजूत लोकांच्या मनातून गेली नाही. १८९८ साली इंग्रज सरकारने निराधार रोग्यांना वेगळे कोंडून ठेवण्याचा कायदा केला. घरीदारी मात्र कायद्याची गरजच नव्हती. बिनभुवयांचे कपाळ दिसले की लोक आपण होऊन दार लावीत.

१९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांचा जन्मही दक्षिण भारतातलाच. रोगाने आखडलेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा चालती करण्याचे काम त्यांनी सुरू केले. औषधाने रोग हटू लागला होता, हातही सुधारले. परंतु गावी गेलेल्या माणसांना काम मिळेना, कारण चेहरा जुनी ओळख सांगत होता. तेव्हा डॉक्टरांनी भुवयाही घडवायला घेतल्या. डोक्याच्या कातडीची केसांसकट पट्टी, तिची रक्तवाहिनी न तोडता, कातडीखालून सरकवून ते भुवईच्या जागी बसवीत. हे केस डोक्यावरच्या केसांसारखेच वाढत, म्हणून वरचेवर कातरावे लागत. पण काही जण ते कातरायला तयारच होईनात. इतकी वर्षे उघड्या कपाळाने काढल्यावर ते लांबलचक भुवया अभिमानाने मिरवीत. हे वाचून मला आधी हसू आले आणि मग डोळे भरून आले.

आपल्याकडे बाबा आमटे व साधनाताई यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून अशा माणसांच्या हाती भिक्षापात्राऐवजी काम दिले. परंतु सगळ्यांनाच आनंदवन कोठून मिळणार? त्यातून स्त्रीचे हाल अधिक. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. म्हणजे औषध निघाल्यावरही कितीतरी वर्षे, बरी होऊ शकणारी बायको टाकून देण्याची सोय कायद्यात होतीच.

आज या रोगावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो आणि व्यंग टळते. शिवाय गळणारी प्रत्येक भुवई कुष्ठरोगाची नसते. थायरॉईडच्या विकारात व कर्करोगाच्या उपचारांतही भुवया जातात.

म्हणून भगिनींनो, शेजारणीच्या भुवया विरळ दिसल्या तर आपसांत कुजबूज करू नये. तिला डॉक्टरांकडे जाण्यास सोबत करावी. हळदीकुंकवाचे बोलावणे तिच्याही घरी जावे, आणि ती आली म्हणजे तिच्या कपाळाला कुंकू लावताना आपला हात आखडू नये.