शेवई घरात, भाकरी बाजारात

कष्टकऱ्यांचा इतिहास सांगताना आपण मजुरीचे दर देतो, संपांच्या तारखा देतो. पण तो माणूस दुपारी काय जेवला आणि ते कोणी रांधले, हे सहसा विचारीत नाही. मला आज तेच विचारावयाचे आहे.

आरंभ दूरच्या उदाहरणाने करतो. सिंगापूर बंदरात चीनमधून मजूर आले, तसे त्यांच्या गावाकडच्या शेवया रस्त्यावर शिजवून विकणारे फेरीवालेही आले. पुढे 1971 ते 1986 या काळात तेथील सरकारने या फेरीवाल्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या बांधीव जागा दिल्या. 2020 साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हमालाचे जेवण राष्ट्राचा ठेवा ठरले!

शेवई आपल्यालाही परकी नाही. विंझरसारख्या राजगड-तोरण्याच्या परिसरातील गावापासून विदर्भापर्यंत ती ठाऊक आहे. उन्हाळ्यात पीठ तिंबावयाचे, पाटावर शेवई ओढावयाची, उन्हात वाळवावयाची आणि सणाला किंवा पाहुण्याला दूध-गुळाबरोबर वाढावयाची. मग ती मजुराच्या रोजच्या जेवणात का आली नाही? माझे उत्तर सरळ आहे. चार बायांचे हात दिवसभर राबल्याखेरीज ती होत नसे, आणि त्या हातांची मजुरी कोणी कधी धरलीच नाही. घरात ती फुकट वाटली. बाजारात मजुराला परवडली नसती.

बाजारात आली ती भाकरी. मावळ, कोकण, घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. बिऱ्हाड गावी राहिले, म्हणून गिरणगावात खाणावळी निघाल्या. चुलीपाशी बाई, दुकानदाराची उधारी आणि सावकाराचे व्याज, अशी ती व्यवस्था होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. तत्पूर्वी, 1974 साली, पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली होती. ना नफा, ना तोटा, या तत्त्वावर भाजी-भाकरी! सिंगापुरात जे सरकारने केले, ते येथे पाठीवर पोती वाहणाऱ्यांच्या संघटनेने केले.

कायदा मागाहून आला. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण पुरे होऊन दाखले मिळेपर्यंत विक्रेत्याला हलविण्यास मनाई केली. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान 40 टक्के असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही सांगितले. परंतु कागदावरचा हक्क पदरात पडतो तो संघटनेच्या बळावर, हे फेरीवाल्यांत काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता शेवईही घराबाहेर पडली आहे. बचत गटांच्या बाया ती पुड्यांत बांधून विकतात. तिच्या किमतीत पीठ धरले जाते, तेल धरले जाते, पुडीचा कागदही धरला जातो. पाटावर वाकलेल्या पाठीचा रोज त्यात धरला जातो का? गिऱ्हाईक म्हणून घासाघीस करण्यापूर्वी आपण एवढे विचारू लागलो, तरी या व्याख्यानाचे काम झाले.