पाणसळ आणि उंबरठा

लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स हॉलकडे पाहणारा बहुधा गुप्त मंडळींविषयीचे कुतूहल घेऊन येतो. ही वास्तू मात्र मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ३,२२५ सभासदांचे स्मारक म्हणून १९२७ ते १९३३ या काळात ॲशली व न्यूमन या वास्तुशिल्पज्ञांच्या आराखड्यानुसार ती बांधली गेली. तेव्हाचे तिचे नाव ‘मेसॉनिक पीस मेमोरियल’. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नावातली ‘शांती’ गळून पडली.

आतील संग्रहालयात या पंथाची भाषा वस्तुरूपाने भेटते. मेसन म्हणजे गवंडी. त्यामुळे गुण्या, कर्काटक, ओळंबा ही गवंड्याची हत्यारे येथे नीतितत्त्वांची प्रतीके बनतात. त्यातली पाणसळ ही समतेची खूण. लॉजमध्ये राजा आणि कारागीर एकाच पातळीवर, असा तिचा अर्थ. याच संग्रहालयात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जसाठी, १७९१ मध्ये घडविलेले प्रचंड सिंहासनही आहे. पाणसळ आणि सिंहासन एका छपराखाली नांदतात, ही विसंगती या पंथाच्या इतिहासाला धरूनच आहे.

आपल्या दृष्टीने तिचे बोलके उदाहरण मुंबईचे. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली, तरी मुंबईतील युरोपीय लॉजने त्यांना सामावून घेतले नाही. अखेर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन झाले. समता मान्य झाली, पण तिच्यासाठी घर मात्र वेगळे बांधावे लागले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे किपलिंग आठवणे अपरिहार्य आहे. १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये त्याने दीक्षा घेतली. ‘दि मदर-लॉज’ या त्याच्या कवितेत नाना धर्मांचे लोक लॉजमध्ये भाऊ म्हणून भेटतात. बाहेर पडताच सलाम आणि हुद्दे परत येतात. जात बाटू नये म्हणून तेथे मेजवानीही होत नाही. बंधुत्व मान्य, पण रोटीव्यवहार नाही, हा पेच मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. साम्राज्याचा भाट म्हणून किपलिंगला बाजूला सारण्याआधी ही कविता वाचावी. ज्या समतेची ओढ तिच्या निवेदकाला लागली आहे, तिची मर्यादाही तीच कविता नोंदवते.

स्मारकदालनात वॉल्टर गिल्बर्ट यांनी घडविलेल्या ब्राँझच्या पेटिकेत मृतांच्या नावांचा पट आहे. पुढे सुमारे सतराशे आसनांचे मुख्य सभागृह. त्याच्या ब्राँझच्या दारांची प्रत्येक फळी सव्वा टनाची, पण तोल असा साधलेला की हाताने लोटताच ती उघडते. या वास्तूत मुख्यालय असलेल्या युनायटेड ग्रँड लॉजचे सभासदत्व मात्र आजही पुरुषांपुरते आहे; स्त्रियांच्या संस्था निराळ्या आहेत. पाहुणी म्हणून इमारत हिंडायला स्त्रियांना मज्जाव नाही. समतेचे तत्त्व सांगणाऱ्या कोणत्याही संस्थेची परीक्षा आत बसलेल्यांच्या पातळीवरून होत नाही. ती उंबरठ्यावर होते.