न आलेल्या आकड्याची थकबाकी

मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी सोडतीच्या आकड्यांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. त्यास कारण एक वही आहे. बेळगावातील आमच्या वाड्यात एक दूरचे काका राहत. ते मटक्याचे आकडे त्या वहीत रोज सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. जो आकडा फार दिवस आला नसेल त्याभोवती तांबडे वर्तुळ काढीत आणि त्यावरच पैसे लावीत. त्याची थकबाकी साचली आहे, ती फिटलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. काकूंच्या पाटल्या त्या थकबाकीपायी गेल्या.

हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. जिनोआच्या गणराज्यात शासकमंडळातील पाच जागा चिठ्ठ्या टाकून भरीत आणि त्यावर लोक पैजा लावीत. पुढे नावांच्या जागी १ ते ९० हे आकडे आले आणि 'लोत्तो' जन्मास आला. १७५८ साली तो खेळ पॅरिसला पोहोचला. त्याच्या पुरस्कर्त्यांत कासानोव्हाही होता. संभाव्यतेवरील आपल्या १८१४ च्या निबंधात लाप्लास या थोर गणितज्ञाने नोंदवले आहे की, एखादा आकडा बरेच दिवस निघाला नाही की लोकांची त्यावर झुंबड उडते. मागील सोडतींचा पुढील सोडतीवर काहीही परिणाम होत नाही, हे त्याने तेव्हाच स्पष्ट केले होते. फ्रान्समधील ती सरकारी सोडत मात्र १८३६ पर्यंत चालली!

मुंबईत आरंभी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर सट्टा चाले. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि एकं स्थानचा अंक घ्यावयाचा. अंक दहा, लागल्यास मिळावयाचे साधारणतः नऊपट. तोटा येथेच ठरलेला असे.

आता थकबाकीचा हिशेब पाहू. एखादा अंक लागोपाठ २० वेळा न येण्याची शक्यता शंभरात सुमारे १२. परंतु अंक दहा आहेत. म्हणजे गेल्या २० सोडतींत न आलेले अंक कोणत्याही दिवशी सरासरीने एकाहून किंचित अधिकच असावयाचे. 'राहिलेला' अंक शोधणाऱ्यास तो बहुधा सापडतोच. आणि तो सापडला तरी उद्या येण्याची त्याची शक्यता दहात एक, एवढीच राहते.

इटलीत अशा आकड्यांना 'रितार्दातारी', म्हणजे उशिरा येणारे, असे नावच आहे. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ नंतर १८२ सोडती आलाच नाही. त्यावर लोकांनी साडेतीनशे कोटी युरोंहून अधिक रक्कम लावली. घरे कर्जात बुडाली. काहींनी जीव दिला. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला. ज्यांनी आधीच सर्वस्व लावले होते, त्यांना त्याचा काय उपयोग?

नलाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे क्षणात मोजतो आणि नळाला अक्षविद्या देतो. आकडे मोजता आले की फासा वश होतो, ही आशा इतकी जुनी आहे. काकांनी तेवढे मोजणेच घेतले.

काका गेल्यावर ती वही मजकडे आली. एखाददुसरे पान सोडल्यास प्रत्येक पानावर तांबडे वर्तुळ आहे. शेवटचे चाराभोवती आहे. त्याखालच्या ओळी कोऱ्या आहेत.