ओवी कोणाची?

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी प्रबंध लिहिणाऱ्याला आज धास्ती असते ती साम्याच्या टक्केवारीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. वाङ्मयचौर्याचा प्रश्न मात्र या आकड्याहून जुना आहे, आणि त्याविषयीचा एक धडा याच जिल्ह्यातल्या पैठणला मिळतो.

शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होता होता मूळ ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथ स्वतः समर्थ कवी. तरीही त्यांनी ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राखला आणि त्यात आपली ओवी घालू पाहणाऱ्याला स्पष्ट दोष दिला. प्रक्षेप करणारा आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर घालतो, तर वाङ्मयचोर दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर. दोन्हींत विचार नेमका कोणाचा, हे वाचकाला कळेनासे होते.

शब्द बदलून उचललेला विचार संगणकाच्या तपासणीतून सुटेलही, पण ऋण फिटत नाही. भाष्यकारांना वाट विचारत आपण चाललो, असे खुद्द ज्ञानेश्वरांनी सांगून ठेवले आहे. प्रबंधातली तळटीप ही त्याच कबुलीची आजची रीत होय.