गोंदिया नावाचा देश

मंडळी, या वीकेंडला एक उद्योग केला. समजा गोंदिया जिल्हा हा एक छोटा देश आहे आणि त्याला परदेशी पाहुणे बोलवायचेत. तर तयारी कितपत आहे?

हसू नका. 2011 च्या जनगणनेत गोंदियाची लोकसंख्या 13 लाखांच्या वर होती. मॉरिशसचीही साधारण तेवढीच, आणि क्षेत्रफळात गोंदिया त्याच्या दुपटीहून मोठा. त्या मॉरिशसला 2018 साली जवळपास 14 लाख पर्यटक गेले. आता गोंदियाला समुद्र नाही हे मान्य. पण बाकीचं?

पोचायची सोय तर जुनीच आहे. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बिरसीला धावपट्टी बांधली, तिथून 2022 मध्ये प्रवासी विमानही उडालं. गंमत म्हणजे परदेशी पाहुणे गोंदिया स्टेशनवर उतरतातही... आणि गाडी करून थेट मध्य प्रदेशात कान्हाला जातात!

मग इथे थांबण्यासारखं काय आहे? नागझिऱ्याचं जंगल आहेच. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण मला विचाराल तर खरी गोष्ट नवेगाव बांधची. डोंगरांनी वेढलेला तो प्रचंड तलाव बघून आपण म्हणतो, काय निसर्ग आहे! पण निसर्ग कसला, तो तलाव माणसाने बांधलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. पुढे लोकांनी त्यांना कोलासुर देव केलं. धरण बांधणाऱ्याचा देव झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

कोहळी समाजाने या भागात असे तलाव आणि बोड्या गावोगावी केल्या, त्या धानासाठी. पर्यटक कुणाच्या डोक्यातही नव्हता. पाणी आलं म्हणून पक्षी आले. धान आणि तलाव आहेत म्हणून महाराष्ट्रातले सारस आज जवळपास फक्त गोंदिया-भंडारा पट्ट्यात उरलेत. सारस घरटं करतो ते बऱ्याचदा शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतच.

गडबड पुढे झाली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, जी जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे गेले आणि 'आपला तलाव' ही भावना सुटली. 'माजी मालगुजारी' वरून 'मामा तलाव' हे नाव तेवढं राहिलं. गाळ साचला, पाणवनस्पती माजल्या. सारसांचं म्हणाल तर कीटकनाशकं आणि विजेच्या ताराही जिवावर उठल्या. 2021 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणजे आमच्या या 'देशा'कडे बघण्यासारखं भरपूर आहे, येण्याजाण्याची सोयही बरी आहे. प्रश्न हॉटेलच्या खोल्यांचा नाहीच. तलावातला गाळ कोण काढणार, आणि ज्याच्या बांधीत सारसाने घरटं केलं त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, हा प्रश्न आहे. रिसॉर्ट दोन वर्षांत उभं राहतं. तलाव बुजला तर ते रिसॉर्ट बघायला कोण येणार?

असो. हिवाळ्यात नवेगावला गेलात तर सफारीच्या आधी तलावाच्या पाळीवर जरा उभे राहा. आणि कोलासुराला नमस्कार करायला विसरू नका.